डाव्या पंखाखालचं ठिगळ

विमानाला रंग मीच देणार, हे मी पहिल्याच दिवशी ठणकावून सांगितलं होतं. तीस वर्षं गॅरेजमध्ये गाड्या रंगवतेय! चेचून आलेली गाडी माझ्या हाताखालून गेली की मालकालाही ओळखू येत नाही. कुठलाही रंग एकदा बघते आणि हुबेहूब मिसळून देते. गॅरेजमध्ये मला ‘शेडवाली’ म्हणतात, ते काही उगाच नाही.

आमचे हे सुतार. आतला लाकडी सांगाडा आणि वरचा पातळ पत्रा त्यांच्याकडे. आणि विमान कोणाचं? माझ्या सासऱ्यांचं. लढाईच्या दिवसांत बाबा एका लढाऊ विमानाचे मेकॅनिक होते. सात नंबरचं विमान. आता त्यांची नजर पार अधू झाली होती आणि सोमवारी डोळ्यांचं ऑपरेशन होतं. “नजर राहील किंवा जाईल, निम्मं-निम्मं धरा,” असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. म्हणून त्याआधी बाबांनी आपलं विमान बघायचंच, असा चंग बांधून आम्ही घरातच त्याची प्रतिकृती करायला घेतली. खऱ्याच्या एक पंचमांश म्हटलं तरी पंख सात फुटी! पुढची खोली त्यानेच गिळली. सहा आठवडे आम्ही ओट्याशी उभ्याने जेवलो, आणि खोटं कशाला बोलू, इतकी मजा मला स्वतःच्या लग्नातही आली नव्हती.

बुधवारी पोटाकडची बाजू रंगवायला विमान उलटं केलं, तर डाव्या पंखाखाली पत्र्याचा एक वेडावाकडा चौकोन ठोकलेला. ह्यांचा धांदरटपणा, दुसरं काय! नवऱ्याची अब्रू झाकावी म्हणून मी गुपचूप तो उपटला, भोकं पुट्टीने बुजवली, घासली आणि वर फिकट निळा रंग मारला. अस्सा गुळगुळीत, की माशी बसली तर घसरावी.

रविवारी सकाळी विमान दोन स्टुलांवर मांडलं. बाबांनी चहासुद्धा नको म्हटलं, थेट त्याच्यापाशी आले. पंख्याच्या पात्यांवरून हात फिरवला, बंदुका मोजल्या, काचेवर हलकेच टकटक केलं. मी आनंदाने नुसती उड्या मारायच्या बेतात होते. मग त्यांचा हात डाव्या पंखाखाली गेला. पुढे गेला, मागे आला, पुन्हा पुढे गेला.

“ठिगळ कुठाय?”

“ठिगळ? माझ्या कामात? शोधून दाखवा बाबा!”

ते खुर्चीत बसले. “मग हे माझं नव्हे.”

माझं डोकंच सणकलं. सहा आठवडे घासघास घासलं ते काय उगाच? तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी हात वर केला.

“मंगळवारी तू कामावर असताना मी लावलं होतं,” ते म्हणाले. “चाचपडत. तास गेला त्यात.”

अगं बाई! मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं.

“गोळ्यांनी पंखाला भोक पडलं होतं,” बाबा सांगू लागले. “पत्रा नव्हता, तेलाचा डबा कापून ठोकला. रंग नव्हता, ट्रकचा हिरवा फासला. सगळे हसले. पण विमानं परतायला लागली की लांबून सगळी सारखीच गं. नंबर कुठला वाचता येतोय? वळताना पंख कलला आणि हिरवा चौकोन दिसला, की समजायचं, आपलं आलं. तोवर माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही.”

“अहो, पत्र्याची कात्री आणा!” मी ओरडलेच. “आणि तो तेलाचा डबा रिकामा करा आधी!”

माझ्या आरशासारख्या रंगावर मीच पॉलिश पेपर घासला. काळीज चरचरलं, पण हात काही थांबवला नाही. बाबांनी पत्रा कापायला घेतला, मी त्यांचं मनगट धरलं.

“वाकडं जातंय, बाबा.”

“वाकडंच होतं. सोड.”

मग मी निळ्याला साजेसा झकास हिरवा मिसळला. बाबांनी डबी डोळ्याला लावून बघितली.

“फार शोभतोय. बिघडव.”

“तीस वर्षांत शेड चुकली नाही हो माझी!”

“मग आज चुकव.”

पिवळा ओतला, वर काळा. असला भयाण हिरवा झाला की गॅरेजात कोणी बघितला असता तर मला घरी बसवलं असतं. हे तर पोट धरून हसत सुटले. दुपारी जेवायला हाक मारली तर बाबा म्हणाले, “वाळू दे आधी.”

ऊन उतरायच्या आत आम्ही विमान गल्लीत काढलं. मी पुढून, हे मागून, डोक्यावर धरलं. बाबांना दारात उभं केलं आणि आम्ही पार कोपऱ्यापर्यंत गेलो. तिथून त्यांना माणूस की खांब हेही कळलं नसतं. शेजारीपाजारी गॅलरीत जमले. जमू देत!

“पळा!” मी म्हटलं.

आणि आम्ही पळालो. ह्या वयात, भर गल्लीत, तोंडाने इंजिनाची घरघर काढत! अर्ध्या वाटेत वळलो आणि डावा पंख उंच उचलला.

बाबांचा हात कपाळाशी गेला. पापण्या आवळून ते बघत राहिले.

“आलं!” ते केवढ्याने तरी ओरडले. “आलं गं सूनबाई, माझं आलं!”

मी धापा टाकत दारापाशी पोचले तेव्हा ते पायरीवर बसले होते. गाल ओले होते, ते त्यांनी पुसलेही नाहीत.

“वाढ आता,” ते म्हणाले. “भूक लागलीय.”