लवंगतेलाचा वास

लवंगेचं तेल पाण्यावर तरंगत नाही, तळाशी जातं.

दुखऱ्या दाढेवर त्याचा बोळा ठेवला की अर्धा गाल परक्याचा होतो.

ते प्लास्टिक खातं. म्हणून कारखान्यात सगळ्या बाटल्या काचेच्या.

तान्ह्याच्या पोटात चमचाभर गेलं तरी जिवावर बेततं.

जी बाई वर्षानुवर्षं हे तेल बाटल्यांत भरते, तिच्या नाकाला त्याचा वास येईनासा होतो.

“आई, बाटली रिकामी आहे.” फोनवर सूनबाई म्हणाली. “चिमणीच्या हातात होती. टोपण नाही.”

आजीचे बाटल्या भरणारे हात थांबले. दाढेसाठी तिनेच तेल घरी नेलं होतं, डोळ्यांच्या औषधाच्या जुन्या प्लास्टिकच्या बाटलीत. दोन दिवसांचा तर प्रश्न होता.

“तिच्या तोंडाला वास येतोय का बघ.”

“या घरात वास कशाला येत नाही, आई? उशीला येतो, दुधाला येतो. मला काय कळणार?”

दवाखान्याच्या दारात दोघींची गाठ पडली. चिमणी आईच्या खांद्यावर पेंगत होती. रोज या वेळेला ती पेंगतेच. आज आजीने तिला हाका मारून जागं करायला पाहिलं.

“किती प्यायली?” नर्सने विचारलं.

“प्यायली की नाही तेच कळत नाहीये,” सून म्हणाली.

आजीने नातीच्या ओठांशी नाक नेलं. काही नाही. मग स्वतःच्या तळहाताशी नेलं. तिथेही काही नाही.

नर्स चिमणीवर वाकली, थबकली, आजीकडे वळली. “आजी, तुम्ही जरा बाहेर थांबता का? वास कुणाचा तेच कळेना.”

“हात धुऊन येऊ?”

“धुऊन जाणारा नाही हो हा. बाहेरच थांबा.”

आजी बाहेर आली. दाराच्या काचेपासूनही लांब सरकली. दोन्ही हात तिने काखेत घट्ट दाबून धरले, जणू वास कोंडून ठेवता येतो. आत नर्स पुन्हा वाकली आणि बराच वेळ वाकलेलीच राहिली.

घरी फळीवर अंथरलेलं प्लास्टिक त्या सकाळीच विरघळून चिकट झालं होतं. सरबत सांडलं असेल म्हणून सूनबाईने ते गुंडाळून कचऱ्यात टाकलं होतं, आणि तळाशी मऊ पडलेली, हलकी झालेली तेलाची बाटली न बघताच खालच्या फळीवर ठेवली होती.