उत्तरसूचीतला डावा पाय

पाय चांगला की दुखरा, हे ती दाराशीच ओळखायची. खेळाडू पायरी चढून आत येऊन टेबलावर बसेपर्यंत तिचं निम्मं काम झालेलं असायचं. वीस वर्षं तिने मैदानांच्या कडेला बर्फाच्या पिशव्या आणि चिकटपट्टीची रिळं सांभाळत काढली होती. खेळाडू तिला फिजिओबाई म्हणत, आणि तिच्या बाबांनीही तेच नाव उचललं होतं. ‘फिजिओबाई, चहा टाकू का?’ असं ते विचारत, तेव्हा त्यात थट्टा किती आणि कौतुक किती, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

तर अशा या बाईच्या डोळ्यांदेखत, तिच्याच घरात, दहा आठवडे एक पाय अधू होता आणि तिला पत्ता नव्हता. ही गोष्ट त्या पायाची आहे.

ती जिथे शिकवायची त्या संस्थेने लांबलांबच्या मैदानांवर एकेकटं काम करणाऱ्या फिजिओंसाठी ऑनलाइन कोर्स काढायचं ठरवलं, आणि तो सगळा पसारा तिच्या गळ्यात घातला. तिनेही कुरकुर न करता घेतला, पण एका अटीवर. पाठांतराला गुण नाहीत. व्हिडिओत एक माणूस दिसेल. तो उभा राहील, चालेल, झोपेल. काय दिसलं ते लिहायचं आणि पुढे काय कराल ते सांगायचं. जमलं तर पुढचा धडा उघडेल, नाही जमलं तर तोच पुन्हा.

“म्हणजे आमच्या लिफ्टसारखंच की,” बाबा म्हणाले. “पुस्तक तोंडपाठ असून काय उपयोग? कानाला आवाज कळला पाहिजे.”

बाबांनी अडतीस वर्षं इमारतींच्या लिफ्ट तपासल्या होत्या. ‘स्वतः आत उभं राहून खालीवर केल्याशिवाय मी एकाही लिफ्टच्या कागदावर सही केली नाही,’ हे वाक्य घरात महिन्यातून एकदा तरी व्हायचंच. तिला ते इतकं पाठ झालं होतं की ऐकूही येत नसे.

व्हिडिओत काम करायला ठरवलेला माणूस पहिल्याच दिवशी आला नाही. कॅमेरावाला घड्याळ बघत होता, आणि नेमके तेव्हाच बाबा तिचा घरी राहिलेला चार्जर द्यायला आले. “तुम्हीच झोपा ना टेबलावर,” कॅमेरावाला गमतीने म्हणाला. बाबा चपला काढून खरंच झोपले, आणि मग तिथून उठायचं नाव घेईनात.

त्याचं कारण तिला कळत होतं. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. बाबा दिवसभर टीव्हीचा आवाज बंद करून नुसतं चित्र बघत बसत. शूटिंग सुरू झालं आणि माणूस पालटला. रोज दाढी व्हायला लागली. पायाची नखं आठवड्यातून दोनदा कापली जायला लागली, इतकी की शेवटी तिलाच सांगावं लागलं, “बाबा, नखांना वाढायला तरी उसंत द्या.” जेवताना ते विचारायचे, उद्या कुठला अवयव? खांदा म्हटलं की रात्री खांदे फिरवून तयारी. तिला मनातून फार बरं वाटायचं, पण ती ते बोलून दाखवत नसे. आपल्याकडच्या लेकी बोलतात कुठे?

प्रत्येक धड्याचा एक कागद असे. त्यावर हालचाल, रुग्णाची स्थिती आणि बरोबर उत्तर असे रकाने. तिने ते सगळे महिनाभर आधीच आपल्या टेबलाशी बसून भरून ठेवले होते. टाचेच्या धड्यात तिने मुद्दाम लिहिलं होतं: ‘रुग्ण धडधाकट. दोन्ही पाय सारखे.’ दुखापत शोधायलाच बसलेल्या माणसाला चांगल्या पायातही दुखापत दिसायला लागते, हे तिला अनुभवाने माहीत होतं. म्हणून मधेच एक ठणठणीत पाय दाखवायचा आणि नवशिक्यांची फजिती करायची, असा तिचा डाव. या डावावर ती भलती खूश होती.

टाचेचा धडा पार पडला. पुढे बाबा घरात मोजे घालून वावरायला लागले. ‘थंडी वाजते,’ म्हणाले. एकदा त्यांचं पाऊल ओढल्यासारखं वाटलं म्हणून तिने विचारलं, तर म्हणाले, “चप्पल घासलीये.” ती तेव्हा फोनवर कुणाशी तरी एका फुटबॉलपटूच्या घोट्याबद्दल बोलत होती. चपलेचं उत्तर तिला पुरलं.

कोर्स तयार झाला आणि पहिल्या चाचणीसाठी साठ फिजिओंना दिला गेला. टाचेच्या धड्यात एकोणसाठ जणांनी लिहिलं, दोन्ही पाय सारखे. एकोणसाठ जणांना पैकीच्या पैकी गुण मिळाले. परीक्षार्थी क्रमांक सत्तेचाळीसने मात्र वेगळंच लिहिलं आणि तिला शून्य मिळालं. तिने पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच लिहिलं, पुन्हा शून्य. तिसऱ्यांदाही तेच. धडा काही उघडेना. मग तिचं पत्र आलं.

‘मॅडम, मी एका मैदानाच्या पत्र्याच्या खोलीत काम करते. इथे मी एकटीच आहे, विचारायला कुणी नाही. मी तो व्हिडिओ वीस वेळा पाहिला. ते काका दोन्ही टाचा उचलतात तेव्हा वजन उजव्या पायावर घेतात. डावी टाच कमी उचलली जाते. डावी पोटरी बारीक आहे. पालथे झोपल्यावर उजवं पाऊल थोडं ताणलेलं राहतं, डावं सैल लोंबतं. मला कदाचित चुकीचं दिसत असेल. पण जे दिसतं त्याच्या उलट लिहून पास होणं मला जमणार नाही. गुण नाही दिलेत तरी चालेल. फक्त त्या काकांना कुणाला तरी एकदा दाखवा.’

पत्र वाचून फिजिओबाईंना हसू आलं. लागला मासा गळाला! नकाराचं गोड शब्दांतलं उत्तर लिहायचं म्हणून तिने व्हिडिओ उघडला.

बाबा कॅमेऱ्याकडे तोंड करून उभे होते, नुकतीच केलेली दाढी, चेहऱ्यावर परीक्षेला बसल्यासारखा भाव. मग पाठ फिरवून त्यांनी दोन्ही टाचा उचलल्या. अंगाचा तोल अलगद उजवीकडे गेला. उजवी टाच वर गेली. डावी निघाली आणि अर्ध्यातच थांबली.

तिने व्हिडिओ मागे नेला, पुन्हा पाहिला. मग पालथं झोपलेलं दृश्य काढलं. पोटरी दाबून पाऊल हलतं का ते बघायची परीक्षा त्यात तिने स्वतःच्या हाताने केली होती, पण फक्त उजव्या पायावर. कॅमेरा त्या बाजूला होता ना. आणि डावा तर सारखाच आहे, असं कागदावर लिहिलेलंच होतं. डावं पाऊल तिच्या हातापासून वीतभर अंतरावर, पडद्याच्या कोपऱ्यात, सैल लोंबत होतं.

भर दुपारी ती घरी आली. बाबा स्वयंपाकघरात स्टुलावर बसून वाटाणे सोलत होते.

“आज लवकर?”

“बाबा, मोजे काढा आणि पलंगावर पालथे झोपा.”

“शूटिंग आहे?” त्यांनी आशेने विचारलं. मग तिचा चेहरा पाहिला, आणि उठले.

तिने आधी उजवी पोटरी दाबली. पाऊल झटकन हललं. मग डावी दाबली. पाऊल हललं नाही. तिने पुन्हा दाबली. हजारो पायांवर न चुकलेले तिचे हात, पण आज ते आपलंच चुकत असावं अशा आशेने तिसऱ्यांदा दाबून पाहत होते. टाचेच्या वर, जिथे दोरीसारखी घट्ट शीर लागायला हवी, तिथे बोट आत जात होतं. शीर तुटली होती.

“नापास का?” उशीत तोंड खुपसून बाबांनी विचारलं.

तिला एकदम रडू फुटलं. बाबा घाईने उठून बसले आणि तिची समजूत काढायला लागले. शीर त्यांची तुटलेली आणि समजूत लेकीची, असा तो सगळा प्रकार.

मग एकेक करून बाहेर आलं. टाचेच्या धड्याच्या तीन आठवडे आधी बाबा शूटिंगच्या दिव्यांचे स्टँड घेऊन जिना उतरत होते. लिफ्ट बंद होती. सगळा जन्म लिफ्ट तपासण्यात गेला आणि पडले ते जिन्यावर, याचं त्यांना आताही हसू येत होतं. मागून कुणीतरी पोटरीवर लाथ मारल्यासारखं झालं, खटकन आवाज आला, वळून बघतात तर मागे कोणी नाही.

टाचेची शीर तुटण्याची खूण म्हणून हे वाक्य तिच्याच धड्यात होतं. पहिल्याच पानावर.

“मग बोलला का नाहीत?”

“शूटिंग बंद पडलं असतं,” बाबा म्हणाले आणि मोजे पुन्हा पायात चढवायला लागले. तिला ते पटलं नाही, पण ती वेळ खोदून विचारायची नव्हती.

आठवड्यात शस्त्रक्रिया झाली. दरम्यान संस्थेचे संचालक म्हणाले, “त्या मुलीला गुण देऊन टाका आणि गप्प बसा. साठ जणांना कशाला कळायला हवं? कोर्सवर विश्वास राहील का कुणाचा?” ती गप्प बसली नाही. साठही जणांना तिने पत्र पाठवलं: ‘उत्तरसूची मी पाय न बघता लिहिली होती. तुमच्यापैकी एकोणसाठ जणांनी तोच पाय पाहून माझीच चूक केली. क्रमांक सत्तेचाळीस यांनी पाय पाहिला. तो पाय माझ्या वडिलांचा आहे. धडा सर्वांना पुन्हा द्यावा लागेल, आणि मलाही.’ पत्र पाठवताना तिचे कान लाल झाले होते. संचालक दोन दिवस बोलले नाहीत. आणि गंमत म्हणजे कोर्स सोडून कोणीही गेलं नाही.

बाबांना पायाला आधाराचा जाड बूट मिळाला, कुबड्या मिळाल्या, आणि पडल्या पडल्या एकच ध्यास लागला. “ती सत्तेचाळीस काय म्हणते? पास झाली का?”

“झाली. आता तिची शेवटची परीक्षा आहे. खरा रुग्ण तपासायचा.”

“मग मी आहे की.”

“बाबा, ती कुठे, तुम्ही कुठे!”

“तुझा कोर्स ऑनलाइन आहे ना? मग हात तुझे, डोळे तिचे. माझा पाय तिनेच पकडला, तोच तिने तपासायचा. बाकी कुणाला मी हात लावू देणार नाही.”

म्हाताऱ्यापुढे कुणाचं चालतं? बूट निघून बरेच आठवडे उलटल्यावर एका सकाळी कॅमेरा लावला गेला. पडद्यावर पत्र्याची खोली, एक बाक, आणि बावरलेली एक मुलगी. शिकवणाऱ्या बाईचेच हात आपण सांगू तसे हलणार, ही कल्पनाच तिला झेपत नव्हती.

“मॅडम, हात... जरा खाली घ्याल?” ती चाचरत म्हणाली.

“बरोबरच आहे माझा हात.”

“ऐक तिचं,” बाबा टेबलावरून म्हणाले.

तिने हात खाली घेतला. तिथेच घ्यायला हवा होता.

मुलगी हळूहळू सावरली. दुखतं का, कधी दुखतं, झोप लागते का, सगळं रीतसर विचारलं. आणि मग कागदात नसलेला एक प्रश्न विचारला. “काका, शीर तुटली तेव्हा तुम्हाला कळलं होतं ना? मग लपवलंत का?”

कोपरावर रेलून बाबा पडद्याकडे वळले.

“मी जिन्यावर पडलो त्याच्या आदल्याच दिवशी हिने मला टाचेच्या धड्याचा कागद वाचायला दिला होता,” ते म्हणाले. “त्यावर हिच्या अक्षरात लिहिलं होतं, रुग्ण धडधाकट. दोन वर्षं घरात नुसता बसून होतो बघ. म्हातारा झालो, एकटा पडलो, सगळे जपून बोलतात. हिच्या कागदावर मात्र मी धडधाकट होतो. म्हटलं, निदान तिथे तरी राहावं.”

फिजिओबाईंनी बाबांचं पाऊल दोन्ही हातांत धरलं होतं, ते तसंच धरून ठेवलं. आपण त्यांना रोज विचारलं होतं, जेवलात का, औषध घेतलंत का. माणूस कसा आहे हे मात्र आधीच लिहून ठेवलं होतं. तिने वाकून त्या पावलावर कपाळ टेकवलं. बाबा म्हणाले, “अगं, परीक्षा चालू आहे,” पण त्यांचाही आवाज धड नव्हता.

“काका,” मुलगी डोळे पुसत म्हणाली, “उभे राहाल? बोटं भिंतीला लावून. दोन्ही टाचा सावकाश वर.”

बाबा उभे राहिले. टेबलावर नवा कागद होता, आणि त्यातला रुग्णाच्या स्थितीचा रकाना या वेळी कोरा होता. उजवी टाच वर गेली. डावी थरथरली, अडली, मग तीही निघाली.

“किती?” बाबांनी भिंतीकडे तोंड करूनच विचारलं.

ती जमिनीवर बसली आणि टाचेखाली बोटं धरून म्हणाली, “दोन बोटं.”

“मॅडम, मला अडीच दिसतात,” सत्तेचाळीस म्हणाली.

तिने गाल जवळजवळ फरशीला टेकवून पुन्हा पाहिलं. अडीचच होती. मग तिने लिहिलं.