वरचा तिसरा हिस्सा

खाटकाचा फायदा होता चार बोटं जठराचा. कॅन्सर जठराच्या खालच्या भागातच असला, तर वरचा तिसरा हिस्सा वाचणार आणि खाटीक चारचौघांसारखा ताटावर बसून जेवणार. वर चढला असला तर जठर मुळासकट जाणार, मग जन्मभर चमच्याचमच्याने. तो कुठवर चढलाय हे ठरवायला डॉक्टर तोंडातून नळी घालून, पडद्यावर बघत, खालून वर बारा चिमटे काढणार होते. प्रत्येक तुकडा वेगळ्या बाटलीत, बाटलीवर जागेचा नंबर.

"उभ्या आयुष्यात इतके तुकडे केले," खाटीक सिस्टरला म्हणाला, "एकालाही नंबर दिला नाही."

"म्हणूनच गिऱ्हाइकं भांडत असतील, काका. आ करा."

दाराबाहेर त्याचा थोरला भाऊ. कॅन्सरला टोचलं की तो भडकतो, हे बाकावरच्या एका सर्वज्ञाने त्याला नुकतंच पटवलं होतं. आतून ओकारी ऐकू आली तसं त्याने दार लोटलं. धाकट्याच्या हनुवटीवर रक्त!

"जिवंत सोलताय काय रे त्याला?"

"बाहेर व्हा! नळी आत आहे!" डॉक्टर ओरडले.

पहिल्या ठोशात त्यांचे दोन दात गेले. सिस्टर मध्ये पडली, तर तिला ट्रॉलीवर भिरकावलं. मनगट काटकीसारखं मोडलं, अकरा बाटल्या फरशीवर फुटल्या. खाटकाला 'दादा, थांब' म्हणायचं होतं. पण घशात हातभर नळी, कसला दादा न कसलं थांब! बारावा चिमटा सगळ्यात वर चावा घेऊन बसला होता. दादाने डॉक्टरांची गचांडी धरून हिसडा दिला, आणि खाटकाच्या आत टरकन फाटलं. कातडं सोलतानाचा तो आवाज त्याच्या रोजच्या ओळखीचा.

तोंडातून रक्ताची धार लागली तेव्हा दादा भानावर आला. गुडघ्यांवर बसून त्याने तांदळाएवढे तुकडे काचांतून वेचले आणि एकाच वाटीत भरले. "अकराच्या अकरा आहेत बघा, सिस्टर!"

फाटलं होतं नेमकं वरच्या हिश्श्यात. रक्त थांबेना, त्याच दुपारी अख्खं जठर काढलं. आठवड्याने त्या काढलेल्या जठराची तपासणी आली: कॅन्सर खालीच, वरचा भाग निर्मळ.

जामिनावर सुटलेला दादा खाटेशी आला. "बघ, वेळेवर पोचलो म्हणून वर चढला नाही!"

खाटकाने पेजेचा चमचा गिळला.

डॉक्टरांचे दोन दात, सिस्टरचं मनगट, दादाच्या दोन रात्री कोठडीत. बाकी सगळं खाटकाने भरलं.