पोलिकार्पो बेनेगासची रायफल

यागुआरोनमध्ये लोक मला जुन्या लष्करी रायफली जमवणारा माणूस म्हणून ओळखतात. माझ्याकडे पाचच आहेत, त्याही कपाटात, कपड्यांच्या मागे. पण मी शाळेत इतिहास शिकवत असे आणि माझा चष्मा जाड आहे, एवढ्यावर गावाने मला जाणकार ठरवलं. ते खोडून काढायचं धाडस मला कधी झालं नाही.

त्या वर्षी चौकात एक शिळा बसणार होती. बोलिव्हियाशी झालेल्या चाकोच्या युद्धात प्रत्यक्ष आघाडीवर लढलेल्या गावकऱ्यांची नावं तिच्यावर कोरायची होती. समितीचे प्रमुख होते लाकडाच्या वखारीचे मालक डॉन क्रिस्पीन ओसुना. त्यांचे वडील सार्जंट लादिस्लाओ यांचं नाव सगळ्यांत वर येणार होतं, आणि त्याला कुणाची हरकत नव्हती. सार्जंटच्या मांडीत शेवटपर्यंत गोळी होती. थंडी पडली की ती दुखायची आणि सगळ्या गावाला कळायचं.

हरकत होती ती न्या एउलालियाची, म्हणजे एउलालियाबाईची. चर्चच्या कोपऱ्यावर चिपा, म्हणजे कंदाच्या पिठाच्या चीज घातलेल्या भाकऱ्या, विकते ती. तिचे वडील पोलिकार्पो बेनेगास यांचं नाव शिळेवर येणार नव्हतं. गावात जुनी समजूत अशी, की पोलिकार्पो नदीपलीकडच्या बंदरापर्यंतच गेला, तिथे पिठाची पोती उतरवत बसला, आणि युद्ध संपल्यावर तंबाखूच्या बदल्यात कुणाची तरी रायफल घेऊन घरी आला. त्याला सगळे पोतीवाला म्हणत. एउलालिया लहानपणापासून पोतीवाल्याची पोरगी.

समितीने तिला पुरावा आणायला सांगितलं. तिच्याकडे रायफलच होती. ती चादरीत गुंडाळून, डोक्यावर घेऊन ती माझ्या दारात आली.

"मास्तर, यावर काय काय कोरलंय ते तुम्ही वाचता म्हणे. वाचा."

"वाचतो, पण माझं चुकूही शकतं."

"डॉक्टरही असंच म्हणतो. तपासतो तरी ना?"

मी रायफल अंगणातल्या टेबलावर ठेवली. झिजलेल्या खुणा वाचायचा माझा उपाय साधा आहे. पांढरा खडू चोळायचा आणि बोट फिरवून पुसायचा. खोलगट भागात खडू राहतो आणि अक्षर दिसायला लागतं. नळीच्या मागच्या भागावर बोलिव्हियाचं चिन्ह उमटलं, डोंगर आणि सूर्य. म्हणजे रायफल शत्रूची, पकडलेली. पण आमच्या शस्त्रागारातून गेलेल्या अशा रायफलींवर 'देल चाको बोलिव्हियानो', म्हणजे बोलिव्हियाच्या चाकोतून आलेली, असं कोरलेलं असतं. हिच्यावर नव्हतं. नळीवरच्या क्रमांकाचे शेवटचे आकडे ४१७ होते. मग मी बोल्ट बाहेर काढला, म्हणजे गोळी आत सारण्यासाठी मागेपुढे ओढतात तो तुकडा. त्याच्यावर तोच आकडा हवा; होता ३८९.

"तो अडतो," ती म्हणाली. "पहिल्यापासून. बाबा त्याला तळहाताने धपका मारायचे. डाव्या हाताने. सगळं डाव्यानेच करायचे, जेवणसुद्धा. आजीने मारून मारून पाहिलं, काही उपयोग झाला नाही."

रायफलीचा लाकडी दस्ता उजव्या बाजूने गुळगुळीत झाला होता. डावरा माणूस नेम धरतो तेव्हा गाल तिथेच टेकतो. ते मला दिसलं, पण त्याने काय सिद्ध होतं? बापाची रायफल बापाने वापरली, एवढंच.

मला जे वाटलं ते मी समितीला सांगितलं. शस्त्रागाराची खूण नाही, बोल्ट दुसऱ्याच रायफलीचा. अशा रायफली युद्धानंतर सुटे भाग जोडून विकल्या जात. हिच्यावरून काही ठरवता येत नाही.

डॉन क्रिस्पीन म्हणाले, "म्हणजे तंबाखूच."

"तसं मी म्हटलं नाही," मी म्हणालो. पण इतक्या हळू, की कुणी ऐकलं नाही; पुढचा विषय सुरू झाला होता.

दुसऱ्या दिवशी चिपा घ्यायला गेलो तेव्हा न्या एउलालियाने टोपलीवरचं फडकं काढलंच नाही.

"संपल्या," ती म्हणाली. टोपलीतून वाफ येत होती.

"न्या एउलालिया, मी जे दिसलं तेच..."

"दिसलं ना? मग झालं. आजवर माझ्या बापाला न शिकलेले लोक पोतीवाला म्हणायचे. आता चष्मेवालेही म्हणतील."

समारंभाच्या दिवशी सार्जंटची रायफल टेबलावर मांडायची ठरली होती आणि तिच्यासाठी चार ओळींची पाटी लिहायचं काम माझ्याकडे आलं. म्हणून मी ओसुनांच्या घरी गेलो. रायफल बैठकीच्या दारावर टांगलेली होती. जन्मभर मी ती खालूनच पाहत आलो होतो. ती उतरवून तपासावी असं कुणाला वाटलं नव्हतं, मलाही नाही. सार्जंटची रायफल कोण तपासणार?

डॉन क्रिस्पीन वखारीत गिऱ्हाइकाशी बोलत होते. मी सवयीने खडू काढला.

डोंगर आणि सूर्य. शस्त्रागाराची खूण नाही. नळीवर ३८९. बोल्टवर ४१७.

मला वाटलं, न्या एउलालियाच्या रायफलीचे आकडेच डोक्यात बसलेत आणि मी तेच वाचतोय. जुन्या ठशातले तीन आणि आठ फसवतात. मी सगळं पुसून पुन्हा खडू चोळला, खिडकीशी नेऊन पाहिलं, नखाने चाचपलं. आकडे तेच राहिले.

डॉन क्रिस्पीन आले. माझी बोटं पांढरी झालेली पाहून म्हणाले, "काय मास्तर, परत शाळा सुरू केली का?"

मी त्यांना बसायला सांगितलं. त्यांच्याच घरात.

"डॉन क्रिस्पीन, मी समितीला चुकीचं सांगितलं. खूण नाही म्हणजे रायफल विकत घेतलेली, असं नाही. तुमच्या वडिलांच्या रायफलीवरही ती नाही."

"माझा बाप तंबाखू देऊन आला म्हणता?"

"नाही, नाही. उलट. त्यांनी ती आघाडीवरच शत्रूकडून घेतली आणि तीच घेऊन घरी आले. मागे शस्त्रागारात ती कधी गेलीच नाही, म्हणून खूण नाही. पोलिकार्पोचीही तशीच." मग मी आकड्यांचं आणि तिच्या अडणाऱ्या बोल्टचं सांगितलं. "तिचा बोल्ट हिच्यात आहे आणि हिचा तिच्यात."

"असं कसं होईल?"

"तिकडे पाणी नव्हतं. तेलाचा डबा एक. म्हातारे सांगायचे, एका पोंचोवर, म्हणजे अंगावर घ्यायच्या घोंगडीवर, सगळे बसायचे, बोल्ट काढून मध्ये ठेवायचे आणि पुसायचे. घाईत उठावं लागलं की हाताला लागेल तो उचलायचा."

"हा बोल्टही अडतो," ते म्हणाले. "बाबा त्याला मारायचे आणि म्हणायचे, डावऱ्या, तुझं वाटोळं होवो. सैतान डावरा म्हणतात, आम्हाला वाटायचं त्यालाच शिव्या देतायत. आई अंगावर क्रूसाची खूण करायची."

मी पोलिकार्पोच्या डाव्या हाताबद्दल आणि त्याच्या दस्त्याच्या झिजलेल्या उजव्या बाजूबद्दल सांगितलं.

"गावात डावरे काय कमी होते?" ते म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

"ज्याच्या रायफलीत तुमच्या वडिलांचा बोल्ट आहे, असा एकच होता."

ते उठले, येरझाऱ्या घालायला लागले. "वडिलांनी कधी नाव घेतलं नाही त्याचं."

"घेतलं की. रोज शिव्या देत होते."

हे मी कसं बोललो कोण जाणे. ते हसले, मग हसणं थांबवलं.

"मग बदलून टाका ना मास्तर. हिचा हिला, तिचा तिला. दोन्ही रायफली नीट होतील."

संग्राहकाला याहून मोठा मोह नाही. सगळे आकडे जुळणारी रायफल माझ्या पाचांत एकही नाही. इथे थोड्या श्रमात दोन मिळत होत्या. माझा हात बोल्टवर होताच.

"बदलले तर त्या नीट होतील," मी म्हणालो, "पण दोघं एका पोंचोवर बसले होते हे सांगणारं दुसरं काही उरणार नाही."

संध्याकाळी ते स्वतः सार्जंटची रायफल खांद्यावर टाकून न्या एउलालियाकडे निघाले. मला ओढून नेलं. ती अंगणात मांडिओकाचे कंद सोलत होती. सुरी डाव्या हातात होती. इतकी वर्षं तिच्याकडून चिपा घेत आलो, पण हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

"काय रे क्रिस्पीन, मला गोळी घालायला आलास?"

"अडतो गं बोल्ट. नाहीतर घातली असती."

मी सगळं समजावलं, अडखळत. ती ऐकता ऐकता सोलत राहिली. शेवटी हात पुसले, आतून आपली रायफल आणली आणि मला म्हणाली, "एकदा जिचा तिला लावून दाखवा."

मी लावले. तिने आपल्या बापाच्या रायफलीचा बोल्ट ओढला. तो जराही न अडता मागे आला आणि पुढे गेला. तिने पुन्हा ओढला, पुन्हा सारला. डॉन क्रिस्पीननीही त्यांचा ओढून पाहिला.

"आता परत जसे होते तसे घाला," ती म्हणाली. "बाबांनी आणली तशीच राहू दे."

मी घातले. तिने तळहाताने धपका मारून आपला बोल्ट बंद केला.

डॉन क्रिस्पीन स्टुलावर बसले. तिने त्यांच्या हातात तेरेरेचा, म्हणजे पाल्याच्या थंड चहाचा, प्याला दिला. ते म्हणाले, "पाथरवट अजून सुरुवात करायचाय. नाव घालायला वेळ आहे. सार्जंटच्या खाली."

"का खाली? शिळेवर हुद्दे लिहिणार आहेस का?"

"नाही. नुसती नावं."

"मग नावं कशी लावतात, मास्तर?" तिने मला विचारलं. उत्तर तिला माहीत होतं.

"आडनावाच्या ए-बी-सी क्रमाने," मी म्हणालो. "बेनेगासचा बी आधी येतो. ओसुनाचा ओ बराच नंतर."

डॉन क्रिस्पीननी प्याल्यातल्या नळीने तळापर्यंत तेरेरे ओढला आणि प्याला तिला परत दिला.

"जाऊ दे वर," ते म्हणाले. "तिथूनही बाबांच्या शिव्या ऐकू येतीलच त्याला."

न्या एउलालियाने बाजूच्या टोपलीवरचं फडकं काढलं आणि मला एक चिपा दिली.