मधमाश्यांचा पत्ता

साल १९६८. वाचनालयात ताई सहा महिने उमेदवारीवर होती, आणि तिला कायम करायचं की घरी पाठवायचं, ते सोमवारी समिती ठरवणार होती. 'ताई' हे नाव वयाने नव्हे, वागण्याने पडलेलं. बाविसाव्या वर्षी ती घरातल्या डब्यांनाही क्रमांक देई. "उद्या मलाही फळीवर लावशील," आई म्हणायची.

मधमाश्यांवर पुस्तक एकच. ताईने ते प्राण्यांत लावलं. गावातले डॉक्टर तणतणत आले. "मध खोकल्यावर देतात. वैद्यकात नको?" पुस्तक वैद्यकात गेलं, रिकाम्या जागी तिने लाकडी ठोकळा ठेवला, 'वैद्यकात पाहा'. मग माळीबुवा रुसले, "माशी नाही तर फळ नाही." पुस्तक शेतीत, मागे ठोकळा. मग इंजिनिअर, "पोळ्यासारखी भिंत माणसाला जमलीय का?" पुस्तक बांधकामात, मागे आणखी एक ठोकळा.

शनिवारी ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "अगं, प्रत्येकाचं खरंच आहे. पण पुस्तकाला घर एकच. मुकाट्याने प्राण्यांत ने." ताईने बांधकामात 'प्राण्यांत पाहा' असा ठोकळा ठेवला आणि कार्ड दुरुस्त करायला पुस्तक टेबलावर घेतलं. ते तिथेच राहिलं. प्राण्यांतला जुना ठोकळाही काढायचा राहिला.

सोमवारी समितीचे अध्यक्ष, म्हणजे तेच डॉक्टर, पुस्तक शोधायला निघाले. वैद्यकातून शेतीत, तिथून बांधकामात, मग प्राण्यांत, आणि प्राण्यांतून पुन्हा वैद्यकात! दुसरी फेरी सुरू झाली तशी ताई खुर्चीवरून उठली. टेबलावरचं पुस्तक घेऊन ती धावली. "चूक माझी. हे माझ्याकडेच होतं."

"असू दे गं," डॉक्टर धापा टाकत म्हणाले. त्यांच्या काखेत दोन पुस्तकं होती, एक कलमांचं, एक घुमटांचं. "तीस वर्षांत वैद्यकापलीकडे गेलोच नव्हतो."

"आणि तीस वर्षांत एवढे चाललाही नव्हतात," बाई म्हणाल्या.

ताई कायम झाली, आणि पुढे बाईंच्याच खुर्चीवरून निवृत्त झाली. बाई लेकीकडे राहायला गेल्या आणि तिच्या स्वयंपाकघराची शिस्त बिघडवून आल्या. डॉक्टरांनी मरेपर्यंत गुलाबाची कलमं केली. त्यातली जगली ती माळीबुवांनी गुपचूप बदललेली. इंजिनिअरांनी बांधलेली पाण्याची टाकी अजून गळते. पुस्तक प्राण्यांत आहे आणि तीन ठोकळे एकापाठोपाठ एक, निमूटपणे तिकडेच नेतात.

चौथा ताईच्या घरी आहे. गोळ्यांच्या डब्याशेजारी उभा, 'वैद्यकात पाहा'. तेवढा मात्र बरोबर जागी लागला, असं ती म्हणते.