चढावर धावणारी हातगाडी

जुन्या तटबंदीतल्या त्या अरुंद गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. गाव बघायला आलेली सगळी मंडळी माना उंचावून उभी होती, आणि एक रिकामी हातगाडी, कोणी न ढकलता, आपली आपण चढावर चालली होती.

"गल्लीच्या पोटातली शक्ती वर ओढते," गल्ली दाखवणारे बुवा म्हणाले. "गुडघ्याचं दुखणं इथं गळून पडतं. मात्र पलीकडच्या दरवाज्यानंच बाहेर पडा. आल्या वाटेनं परतलात तर शक्ती रुसते."

शक्ती रुसते कशी, हे विचारायचं कोणालाच सुचलं नाही.

एरवी दोन पायऱ्यांना कण्हणारी माझी आत्या काठी बगलेत मारून तुरुतुरु वर गेली आणि तिथूनच तिनं दवाखान्याला फोन लावला. "गुडघे बरे झाले. परवाचं ऑपरेशन रद्द करा."

आठ महिने थांबून मिळालेली तारीख होती ती.

मी प्लंबर. पाण्याला उतार देण्यात माझी हयात गेली. चार पावलं मागं आलो आणि बाटलीतलं पाणी फरसबंदीवर ओतलं. पाणी ऐटीत चढावर निघालं.

"बघा, पाणी कुठं जातंय ते," मी म्हणालो. तर एक बाई माझ्याच पाया पडल्या. बुवा म्हणाले, "पाण्यालासुद्धा ओढ लागली," आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझं डोकंच फिरलं.

"आत्या, माझा हात धर. आल्या वाटेनं परत चल."

"माई, शक्ती रुसेल," बुवा आडवे आले.

"उतरायला कसली शक्ती लागते?" म्हणत आत्या निघाली. दहाव्या पावलाला तिला धाप लागली, विसाव्याला ती भिंतीला टेकली. "अरे, हा उतार ना? मग चढल्यासारखं का होतंय?"

"कारण हा चढच आहे. भिंतीतले दगडांचे थर बघ. ते रस्त्याच्याच दिशेनं, पण रस्त्यापेक्षा जास्त तिरपे बांधलेत. आपले डोळे त्यांना सपाट धरतात, म्हणून उतार हा चढ वाटतो. मघाशी तू उतरत होतीस, बाई."

"शक्ती रुसली," बुवा पुटपुटले.

"शक्ती कसली, गुडघा रुसलाय माझा," आत्या म्हणाली. "आणि तो खरं बोलतोय."

हे ऐकून चारजण परत चालून बघायला लागले, आणि धापा टाकत बुवांकडे बघू लागले. डोळे फसतात, त्यात लाज नाही. पण जो माणूस परतीच्या वाटेनं चालून बघू देत नाही, त्याला 'का?' एवढं तरी विचारावं.

आत्यानं तिथंच बसकण मारून पुन्हा फोन लावला. "अहो, मघाची मीच. तारीख दिली नाहीत ना कोणाला? मग परवा येते. हो, दुखतायत. दोन्ही."