काचेला पत्र्याची सीमा

जाळी आज नवऱ्याला खोटं पाडणार होती, आणि सकाळपासून तिला कधी एकदा पाडते असं झालं होतं. ऑफिसात तिला सगळे जाळीच म्हणत. कॉम्प्युटरवर ओव्हनचे बारीक तुकडे करून त्याची जाळी विणायची आणि उष्णता कुठून कुठे जाते ते काढायचं, हे तिचं काम. नवरा त्याच कारखान्यात, आवार ओलांडून पलीकडे चाचणी विभागात. हिने पडद्यावर काढायचं, त्याने खरा ओव्हन तापवून तपासायचं. असला संसार!

भांडण होतं काचेच्या दाराचं. ते मोठ्ठं दुहेरी काचेचं दार तिचं, वर्षभर जिवाचं रान करून बसवलेलं. तिच्या हिशेबात बाहेरची काच कोमट, त्याच्या सेन्सरवर चटका देणारी. ओव्हन बसणार लहान मुलाचा हात पोचेल एवढ्या उंचीवर, आणि दाराच्या साच्याची ऑर्डर आज दुपारी साहेबांच्या सहीने जायची होती. तू सेन्सर नीट चिकटवला नाहीस, असं तिने काल जेवताना सुनावलं होतं. तो गप्प बसला, त्याचा तिला जास्तच राग आला. बोलला असता तर निदान भांडता तरी आलं असतं.

तर त्याची चूक पुराव्यानिशी दाखवायची म्हणून तिने आपली केस, म्हणजे कॉम्प्युटरवरची त्या दाराच्या हिशेबाची फाइल, उघडली. हवा आणि काच जिथे भेटतात त्या सीमेची सेटिंग्ज बघत गेली आणि एका ओळीवर हात थांबला. अपारदर्शक. अगं बाई, काच आणि अपारदर्शक? जुन्या केसवरून नवी काढायची, हा या लोकांचा शिरस्ता. जुना ओव्हन पत्र्याच्या दाराचा. हिने पत्रा काढून काच घातली, सीमा मात्र पत्र्याचीच राहिली. लालभडक कॉइलची धग सॉफ्टवेअरच्या मते आतल्या काचेवरच अडत होती. खऱ्या ओव्हनात त्यातली बरीचशी आरपार जाऊन थेट बाहेरची काच तापवत होती.

आता हिशेबाचं मॉडेलही बदलायला हवं होतं. आधीचं स्वस्तातलं, एका पृष्ठभागावरून दुसऱ्यावर किती उष्णता जाते तेवढंच बघणारं; काचेच्या पोटात काय चालतं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तिने दिशादिशांनी किरणांचा माग काढणारं निवडलं, सीमा पारदर्शक केली आणि हिशेब चालू केला. चहा गार झाला. बाहेरची काच तापत गेली, तापत गेली, आणि थांबली ती थेट नवऱ्याच्या आकड्याला खेटून! जाळीने खुर्चीतच उडी मारली. आनंदाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण हरलो, हे तिच्या गावीही नव्हतं.

ती धावतच चाचणी विभागात गेली. "अरे, जुळलं! तुझा आकडा बरोबर आहे."

तो ओव्हनसमोर उकिडवा बसून तोच सेन्सर उखडून पुन्हा चिकटवत होता. सकाळपासून त्याचं हेच चाललं होतं. त्याने मान वर केली, पण चेहरा पडलेला.

"मला वाटत होतं, माझीच चूक निघावी," तो म्हणाला. "दार तुझं होतं ना."

तेव्हा कुठे तिला कळलं, की आपलं वर्षभराचं दार गेलं. ती क्षणभर त्याच्या शेजारी टेकली. मग उठली, त्याचा हात धरला आणि साहेबांच्या खोलीकडे सुटली. साहेबांनी पेनचं टोपण काढलं होतं.

"सही करू नका, साहेब," जाळी धापा टाकत म्हणाली. "माझं दार चटका देतंय. आणि का देतंय, ते मला सापडलंय."